वंदनेतली मोकळी जागा

आमच्या गल्लीतलं विहार साथीत बंद झालं तेव्हा कुलूप मीच लावलं. महिला मंडळाची सचिव मी, त्यामुळं किल्ली माझ्याकडं. गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकलेले होते, पोलिसांची गाडी सारखी फेऱ्या मारत होती, आणि अध्यक्षसाहेब आतून बाहेर येत म्हणाले, "चला चला बाई, आवरा, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे." मी मूर्तीसमोरची फुलंसुद्धा तशीच राहू दिली. पंधरा दिवसांनी काढू म्हटलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण. बरीच वर्षं करमाडला होते, आता निवृत्त. सगळी गल्ली मला बाई म्हणते आणि माझ्या जिभेला वचकून असते. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांची लेकरं. भूतपिशाच्च, अंगात येणं, नजर लागणं असलं काही कोणी आमच्या घरात नुसतं बोललं तरी वडील जेवणावरून उठून जायचे. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कोणाला वाटायला नको की म्हातारपणी बाईंचं डोकं फिरलं. माझं डोकं अजून चांगलं ठिकाणावर आहे.

विहाराला भिंतीला भिंत लागून एक घर आहे. तिथं मावशी राहते. मावशी माझी कोणी नात्यातली नाही, सगळी गल्लीच तिला मावशी म्हणते. पंच्याहत्तरी कधीच ओलांडलेली, कंबरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. तिचा एकुलता एक मुलगा चितेगावला कंपनीत होता आणि दर रविवारी विहारात वंदना तोच घ्यायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं वंदना घेणारा एक ओळ म्हणतो आणि थांबतो. बसलेली सगळी माणसं तीच ओळ त्याच्यामागून म्हणतात. मग तो पुढची घेतो. असं शेवटपर्यंत. त्याचा आवाज भारदस्त होता, भरलेल्या रांजणातून आल्यासारखा. फक्त सुरू करायच्या आधी तो घसा असा काही खाकरायचा की मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "अरे बाबा, हे विहार आहे, पानटपरी नाही." तो हसायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा खाकरायचा.

पहिल्याच उन्हाळ्यात तो गेला. ताप आला, ॲम्ब्युलन्स आली, पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं त्याला घेऊन गेली. स्वतःच्या पायानं चालत गाडीत चढला. दाराशी वळून आईला म्हणाला, "येतो गं." पुढं काय झालं ते फोनवरूनच कळलं. चेहरा दाखवला नाही, तेव्हा नियमच तसा होता. त्याच्या बायकोला स्मशानाच्या फाटकाबाहेरून धूर दिसला, तेवढाच. मावशीला तर कोणी नेलंच नाही.

आणि मावशीनं साफ सांगितलं, तो मेलेला नाही.

"म्या पाहिलंय का? तू पाहिलंस का? धूर काय, कोणाचाबी असतो," ती सुनेला म्हणायची. सुनेनं डोळ्याला पदर लावला की म्हातारी खेकसायची, "कामून रडू लागली? माणूस घरी यायचाय आन ही रडती. अवदसा." त्यामुळं ती पोर रडलीच नाही. धुणं धुताना तिचे हात चालायचे आणि चेहरा मात्र भिंतीसारखा असायचा. आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदन करतात. चार माणसं जमतात, वंदना होते, गेलेल्याच्या आठवणी सांगतात आणि घरचे मनसोक्त रडून घेतात. ते राहूनच गेलं. विहार बंद होतं ही एक अडचण, आणि आईच हो म्हणत नव्हती ही दुसरी. एकदा नळावर सून मला हळूच म्हणाली, "बाई, एकदा तेवढं करून द्या हो. माझ्या छातीत सगळं अडकून बसलंय. पण त्या हो म्हणल्याशिवाय मी नाय करणार. मेलेल्याच्या आईला ओलांडून कसं करू?" मी म्हटलं, "विहार उघडू दे, बघू."

मग ते भिंतीचं प्रकरण सुरू झालं.

मावशी म्हणू लागली की तो येतो. विहारात येतो. "काल आलता. घसा खाकरला, वंदना घेतली आन गेला." आम्ही एकमेकींकडं बघायचो. कुलूप बाहेरून, किल्ली माझ्या घरात, खिडक्या आतून बंद, आणि ही म्हणते आत माणूस आहे. शब्द कळत नाहीत म्हणायची, भिंत जाड आहे, पण आवाज त्याचाच. रोज नाही येत, मधूनच येतो. कधी सकाळचा, कधी भर दुपारचा. ती भिंतीशी पाट घेऊन बसायची आणि कान लावायची. तो आला की त्याच्यासाठी चहा टाकायची. कप भिंतीशी ठेवलेला असायचा, चहावर साय धरायची, मग सून तो मोरीत ओतायची. मी मावशीला रागावले. "मावशी, तुमचं वय झालंय म्हणून ऐकून घेते. हे असलं आपल्यात बसत नाही." ती नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "आपल्यात काय बसतंय ते मला नको सांगू. तुझ्या आधीची बौद्ध हाये म्या."



त्यानंतर एका दुपारी दळण घेऊन येत होते. गल्लीत चिटपाखरू नाही. ऊन असं की कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला जीभ काढून पडलेली. सकाळपासून गेलेली लाईट तेवढ्यात आली, कुठंतरी पंखा घरघरला. मी विहाराच्या दारासमोर होते. आणि आतून कोणीतरी घसा खाकरला.

दळणाचा डबा हातातून सुटला नाही एवढंच. दार बंद, कुलपावर धूळ, कोळ्यानं कुलपापासून कडीपर्यंत जाळं विणलेलं. ते जाळं जसंच्या तसं होतं. आणि आत बंद खोलीत, खोल कुठंतरी, एक पुरुषी आवाज बोलत होता. बोलायचा, थांबायचा. पुन्हा बोलायचा, पुन्हा थांबायचा. शब्द लागत नव्हते. मला त्या बोलण्याची भीती वाटली नाही. भीती वाटली ती थांबण्याची. कारण तो थांबला की माझे ओठ आपोआप हलत होते. उत्तर द्यायला.

मी घरी आले, दाराला कडी घातली आणि पाणी प्यायले. कोणाला काही बोलले नाही. बोलून काय सांगू? बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली बाई भर दुपारी घाबरली म्हणून?

दिवाळीच्या सुमारास प्रार्थनास्थळं उघडायचा हुकूम आला, सोबत नियमही आले. उघडायच्या दिवशी मी किल्ली घेऊन गेले, तेव्हा मंडळाच्या बायका, अध्यक्षसाहेब आणि मावशीची सून एवढेच होतो. कुलपावरचं जाळं मी पदरानं पुसलं आणि किल्ली फिरवली. दार उघडलं तसा कुजलेल्या फुलांचा आणि मेणाचा वास अंगावर आला. भिंतीवरचं कॅलेंडर मार्च महिन्यावरच अडकलेलं. फरशीवर धूळ बोटभर, आणि त्या धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मी आधी तेच बघितलं. कोपऱ्यात कपाटाखाली एक लाल ठिपका जळत होता. जनावराच्या डोळ्यासारखा. एक बाई किंचाळली.

तो ॲम्प्लिफायर होता. अध्यक्षसाहेबांनी घाईघाईत दिवे-पंखे बंद केले होते, पण मशीन चालूच राहिलं होतं. त्याला पेनड्राइव्ह लावलेला. त्यात त्याची वंदना होती, त्याच्याच आवाजातली. आदल्या वर्षी त्यानं ती मोबाईलवर घरीच भरली होती, कंपनीत रविवारची पाळी लागली तर गल्लीची वंदना बुडू नये म्हणून. लाईट गेली आणि परत आली की मशीन आपसूक सुरू व्हायचं आणि आतल्या छोट्या स्पीकरमधून वंदना एकदा वाजून थांबायची. गल्लीतली लाईट तर दर दोन-चार दिवसांनी जाते. म्हणजे इतके महिने, आतमध्ये धुळीपुढं, मेलेला माणूस ओळ म्हणत होता आणि उत्तरासाठी थांबत होता.

भूत नाही हे कळल्यावर बरं वाटायला पाहिजे होतं. मला काही बरं वाटलं नाही.

सुनेनं ते मशीन बघितलं आणि मटकन खाली बसली, धुळीतच. मी तडक मावशीला हाताला धरून आणलं. दारातूनच लाल दिवा दाखवला, म्हटलं, "हे बघा, हे यंत्र बोलत होतं." मावशीनं यंत्राकडं नीट बघितलं, मग माझ्याकडं.

"यंत्र बोलतं व्हय. पण आवाज कोणाचाय?"

"त्याचाच. पण तो जिवंत असतानाचा."

"मग जिवंतच म्हण की," ती म्हणाली आणि आपल्या घरी निघून गेली.

पुढचे दोन दिवस आम्ही फरशी औषधाच्या पाण्यानं धुतली. डोळ्यांतून पाणी आलं सगळ्यांच्या. मग माणसांनी लांब लांब बसावं म्हणून वर्तुळं आखायला बसलो. पितळी ताट उपडं ठेवायचं आणि त्याच्या कडेनं पांढरा ऑईलपेंट फिरवायचा. दोन वर्तुळांत किती अंतर यावरून मंडळातल्या दोघी एवढ्या भांडल्या की शेवटी मी म्हटलं, "तुमच्या दोघींची वर्तुळं गल्लीच्या दोन टोकांना काढते, मग तर झालं?" संध्याकाळी रंग वाळला. मी एकटीच दारात उभी होते. रिकामं विहार, आणि फरशीभर वर्तुळं. बघता बघता असं वाटायला लागलं की माणसं आधीच येऊन बसलीत, आणि आता आम्ही त्यांच्या अंगावर बसणार. मी दार ओढून घेतलं.

खरा वाद झाला वंदनेवरून. नियमात होतं की सगळ्यांनी एकत्र मोठ्यानं म्हणायचं नाही, तोंडावाटे साथ पसरते. रेकॉर्ड लावायची आणि लोकांनी मास्क घालून गप्प ऐकायचं. पासष्टीच्या वरच्यांनी घरीच थांबायचं. अध्यक्षसाहेब वीज मंडळातून निवृत्त झालेले, नियमाला देव मानणारे, म्हणजे देव आम्ही मानत नाही, पण कळलं असेल तुम्हाला. म्हणाले, "रेकॉर्ड म्हणलं की रेकॉर्ड. उद्या कोणी पॉझिटिव्ह निघालं तर जिम्मेदारी कोणाची, बाई?"

"अहो पण आपल्याकडं रेकॉर्ड कोणाची आहे? काही कळतंय का? बाहेरच्या भोंग्यावर तो आवाज लागला, तर मावशी काय जन्मभर शुद्धीवर येणार नाही. बाजारातून दुसरी आणा."

तेव्हा सून मध्ये बोलली. एरवी आमच्या बैठकीत कधी तोंड उघडायची नाही. "त्यांचीच लावा," ती म्हणाली. "भिंतीतून अर्धं अर्धं ऐकतात म्हणून त्यांना आशा लागती. एकदा पूर्ण ऐकू द्या. काय व्हायचं ते होऊ द्या. मला आता सोसवंना, बाई."

माझं मन तयार नव्हतं. पण तिच्यापुढं माझा काय हक्क होता?

रविवारी सकाळी मी दारात उभी राहिले, हातात ताप मोजायचं पिस्तूल. माणसं एकेक करून आली, कपाळ पुढं करून आत गेली, वर्तुळात बसली. सगळ्यांची तोंडं झाकलेली. इतकी वर्षं ओळखीची माणसं, पण नुसत्या डोळ्यांवरून कोण कोण ते कळेना. एक-दोन डोळे मला अगदी अनोळखी वाटले. मावशीला मी सांगून ठेवलं होतं की तुम्ही आपल्या घराच्या उंबऱ्यावरच बसा, भोंगा आहे, सगळं ऐकू येईल. ती पांढरं लुगडं नेसून हात जोडून उंबऱ्यावर बसली होती. मी उभी होते तिथून आतलं विहारही दिसत होतं आणि मावशीही. सून माझ्याजवळ, दाराच्या बाहेरच्या अंगाला.

अध्यक्षांनी बटण दाबलं. भोंगा करकरला.

त्यानं घसा खाकरला.

मला माणसांचे खांदे आक्रसलेले दिसले. मग तो भरलेला आवाज गल्लीभर पसरला. पहिली ओळ. आणि त्यानं जागा सोडली, आम्ही त्याच्यामागून म्हणावं म्हणून.

कोणी काही म्हटलं नाही. नियम होता. मास्क आत-बाहेर होत होते, श्वास ऐकू येत होता, बस्स. मेलेला माणूस विचारतो आहे आणि जिवंत माणसं तोंडं बांधून गप्प बसलीत. असली शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती, आणि पुन्हा ऐकायची माझी इच्छा नाही.

त्या शांततेत उंबऱ्यावरून एकटीचा आवाज आला. मावशी उत्तर देत होती. जुन्या बायकांची म्हणायची रीत असते ना तशी तिची होती, शब्द लांबवत, शेवटाला हेल काढत. तिची ओळ अर्धीच झाली होती आणि भोंग्यातून तो दुसरी ओळ म्हणायला लागला.

मावशी थबकली. तिला वाटलं असेल, आपणच मागं राहिलो. दुसऱ्या ओळीला तिनं घाई केली. तरी शेवटचा शब्द तोंडात असतानाच त्यानं तिसरी सुरू केली. तिसऱ्याला ती इतक्या घाईनं म्हणायला लागली की शब्दांवर शब्द पडले, सुटलेल्या एसटीमागं धावणाऱ्या बाईसारखं. धाप लागली. तरी तो तिच्या आवाजावरून चालतच गेला. चौथ्या ओळीला तिनं तोंड उघडलं आणि काहीच म्हटलं नाही. पुढच्या कितीतरी जागा तशाच रिकाम्या गेल्या. ती मान तिरकी करून ऐकत होती, परक्या माणसाचं ऐकावं तसं.

मग ती उठली आणि भिंतीला धरत धरत माझ्याकडं आली. तोंडाला काही नव्हतं. पिस्तूल माझ्या हातात होतं आणि ते वर करायचं मला सुचलं नाही.

"बाई, हा थांबंना."

"मावशी, ती रेकॉर्ड आहे, ती कशी..."

"माझा पोरगा थांबायचा," ती म्हणाली. "समदी गल्ली म्हणून मोकळी व्हायची, तरी थांबायचा. माझा शेवटचा शब्द व्हईस्तोवर पुढची ओळ घ्यायचा नाय. लोक हसायचे त्याला. एकदाबी मला सोडून पुढं गेला नाय." तिनं वर भोंग्याकडं बघितलं. तो आपला म्हणत होता, थांबत होता, म्हणत होता. "ह्येला माझी वळखच नाय. ह्येला म्या ऐकूच येईना."

आतली माणसं वर्तुळातून वळून बघत होती, पण उठलं कोणी नाही.

मावशी सुनेकडं वळली. इतके महिने जिला डोळ्याला पदर लावू दिला नव्हता, तिच्या तोंडावरचा मास्क म्हातारीनं आपल्या हातानं खाली ओढला. आत तो चेहरा तसाच होता, कोरडा.

"रड गं बाई," मावशी म्हणाली. "गेला आपला. आता रड."